म्युझिक सॉफ्टवेअरवाले आधी काय करायचं हे ठरवतात कसं?

निषाद_नाशिक

नमस्कार मंडळी. हे बरेच महिने डोक्यात घोळतंय, आज एकदाचं लिहून टाकतो.

माझा छोटा स्टुडिओ आहे. भजनं, गणपतीची गाणी, शाळांच्या स्नेहसंमेलनांचे ट्रॅक, मधूनच एखादी लावणी, असं काम असतं. मी कुठलं सॉफ्टवेअर वापरतो ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर सगळा धागा त्या एका कंपनीवर भांडण्यात जाईल. दरवर्षी नवीन व्हर्जन येतं, व्हिडिओ झकास असतो, नवीन सिंथ, नवीन रंग, एआयने मिक्स, ढीगभर लूप. आणि माझं दुखणं आहे तिथेच. ट्रॅकला देवनागरीत नाव दिलं की मिक्सरमध्ये चौकोन दिसतात, हे एक. दुसरं जास्त त्रासाचं आहे. गाण्याचं मिक्स अर्धं झालेलं असतं आणि अंतऱ्याची एक ओळ परत पंच करायची असते, म्हणजे तेवढीच पुन्हा रेकॉर्ड करायची. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे, लिमिटर असतो (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा), तो पुढचा आवाज आधी बघून घेतो म्हणून त्याला वेळ लागतो, आणि तेवढा उशीर सगळ्यालाच लागतो. गायिकेला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येतो, ती थांबते, म्हणते दादा घुमतंय. मग मी मास्टरवरचं एकेक बंद करणार, टेक घेणार, परत एकेक चालू करणार, आणि तोवर तिचा मूड गेलेला.

बरं, हे कुणालाच जमलेलं नाही असंही नाही. ॲपलच्या लॉजिकमध्ये लो लेटन्सी मोडचं बटण आहे (लेटन्सी म्हणजे हाच उशीर), स्टाइनबर्गच्या क्यूबेसमध्ये कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन आहे, एक क्लिक केलं की उशीर करणारे प्लगइन, म्हणजे वरून जोडलेले इफेक्ट किंवा वाद्यं, तेवढ्यापुरते बाजूला होतात. म्हणजे इतरांनी कधीच केलंय, आमच्या कंपनीच्या यादीत ते वर येत नाही इतकंच.

माझं मत असं झालंय की कंपनीला पैसा कुठून येतो ते बघा, आधी काय दुरुस्त होणार ते आपोआप कळतं. जी अपग्रेड विकते तिला जाहिरातीत दाखवता येईल अशी गोष्ट लागते, आणि उशीर कमी झाला हे व्हिडिओत दिसत नाही. एबलटन लाइव्हमध्ये कॉम्पिंग, म्हणजे पाच टेकमधल्या चांगल्या चांगल्या ओळी उचलून एक टेक करणं, हे २०२१ ला लाइव्ह ११ मध्ये आलं. लॉजिकमध्ये २००७ पासून टेकवरून माउस फिरवून हे होत होतं. गायक रेकॉर्ड करणाऱ्या माणसासाठी याच्याइतकं मूळ फीचर दुसरं कुठलं असेल?

तुमचा अनुभव काय? कुठल्या कंपनीने खरोखर नवीन सगळं बाजूला ठेवून आधी जुनं दुरुस्त केलंय का?

अनिकेत_सातारा

निषाददादा, पैशाचा मुद्दा पटला, पण मग एफएल स्टुडिओचं काय करायचं? एकदा घेतलं की पुढची सगळी व्हर्जन फुकट, १९९७ च्या फ्रूटी लूप्सपासूनची (त्याचंच जुनं नाव) परंपरा आहे आणि अजून मोडलेली नाही. त्यांना अपग्रेड विकायचंच नाहीये, तरी मूळ गोष्टींना उशीर झालाच की. गाण्याच्या मध्येच मात्रा बदलायची सोय २०१८ ला व्हर्जन २० मध्ये आली, आणि मॅकवर नीट चालणारं एफएलही त्याच व्हर्जनमध्ये. लोक वर्षानुवर्षं मागत होते.

मी ढोलकी वाजवतो आणि घरीच बीट करतो, त्यामुळे मला हे जवळून जाणवतं. गण झाला, गौळण झाली, मग मधेच सात मात्रांचा एक तुकडा टाकायचा, असं आपल्याकडे सहज होतं. तेव्हा तो तुकडा वेगळ्या प्रोजेक्टमध्ये करून ऑडिओ आणून चिकटवायचो.

निषाद_नाशिक

@अनिकेत, अरे तुझं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. अपग्रेड विकत नाहीत म्हणजे रोजची चूल नवीन गिऱ्हाइकावर. आणि नवीन गिऱ्हाईक म्हणजे बेडरूममध्ये बीट करणारा पोरगा, त्याला चार मात्रांच्या पुढे कशाला जायचंय? त्याला सॅम्पल हवेत, आवाज हवेत. २०२३ ला त्यांनी एफएल क्लाउड काढलं, ते महिन्याच्या वर्गणीवर आहे, त्याच सुमारास गाण्यातून आवाज आणि वाद्यं वेगळी करणारं फीचरही आलं. मॅक व्हर्जन आलं ते सुद्धा नवीन गिऱ्हाइकांचं एक अख्खं मैदान उघडतं म्हणून. मी त्यांना नावं ठेवत नाही, आयुष्यभर फुकट अपडेट देऊन टिकून राहणं फार मोठी गोष्ट आहे. फक्त क्रम कसा लागतो ते सांगतोय.

जुना_रेकॉर्डिस्ट

धागा चांगला काढलात. एक दोन गोष्टी घालतो.

प्रो टूल्समध्ये ऑफलाइन बाउन्स, म्हणजे गाणं पूर्ण न वाजवता झटपट फाइल काढणं, २०१३ ला व्हर्जन ११ मध्ये आलं हे आजच्या मुलांना सांगितलं तर पटत नाही. त्याआधी दोन तासांचं कीर्तन बाहेर काढायचं तर दोन तास बसायचं, मधे काही खट्ट वाजलं तर परत पहिल्यापासून. बाकीची सॉफ्टवेअर तेव्हा पाच मिनिटांत फाइल देत होती. पण ते काही आळस करून बसले नव्हते. मोठ्या स्टुडिओंमध्ये मिक्सिंग डीएसपी कार्डावर (आवाजाचं गणित करणारं वेगळं कार्ड) चालायचं, कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर नाही, आणि बाहेरची हार्डवेअर पण त्यातच जोडलेली. ते सगळं प्रत्यक्ष वेळेतच चालतं, घाई करता येत नाही. कंपनीचा मोठा धंदाही त्या कार्डांचा आणि इंटरफेसचा. मग प्रोसेसर एवढे ताकदवान झाले की कार्डांशिवाय भागायला लागलं, ११ मध्ये त्यांनी ऑडिओ इंजिन नवीन लिहिलं, ६४ बिट केलं, तेव्हा कुठे ऑफलाइन बाउन्स जमलं. म्हणजे कधी कधी एक साधं दिसणारं फीचर द्यायला खालचा पाया उकरावा लागतो.

आता तुमचा प्रश्न, नवीन थांबवून जुनं कुणी दुरुस्त केलं का. केलंय, आणि तुम्ही ज्यांचं नाव घेतलंत त्यांनीच. एबलटन लाइव्ह ८ आलं २००९ ला, खूप काही नवीन घातलं होतं, आणि लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या. स्टेजवर वाजवणारे लोक ते, तिथे क्रॅश म्हणजे हजार माणसांसमोर शांतता. २०१० मध्ये त्यांचे प्रमुख गेरहार्ड बेलेस यांनी उघड पत्र लिहून सांगितलं की नवीन फीचरचं काम थांबवलंय, सगळी टीम बग काढायला बसवलीय. लाइव्ह ९ मग २०१३ च्या मार्चमध्ये आलं, जवळपास चार वर्षांनी. चार वर्षं अपग्रेडचं मोठं उत्पन्न नाही म्हणजे काय ते ज्याचा धंदा आहे त्याला कळेल. मला त्या निर्णयाचा आदर वाटतो.

संबळ

काकांशी सहमत. पण तसं पत्र त्यानंतर दुसऱ्या कुणी लिहिल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

पुणेकर_डेव्ह

मी ऑडिओ प्लगइन बनवणाऱ्या एका टीममध्ये काम करतो, कंपनीचं नाव घेत नाही. आतून कसं दिसतं ते लिहितो, लांबण लागेल.

पहिली गोष्ट, तुम्हाला जे अपडेट रिकामं वाटतं ते बरेचदा सगळ्यात जास्त कष्टाचं असतं. २०१९ ला ॲपलने मॅकओएस कॅटलिनामध्ये ३२ बिट सॉफ्टवेअर चालणं बंद केलं. वर्षभरात, २०२० च्या नोव्हेंबरात, इंटेल सोडून स्वतःच्या चिपवर गेले. तिकडे स्टाइनबर्गने २०१८ मध्ये व्हीएसटी २ या जुन्या प्लगइन फॉरमॅटचं किट देणं थांबवलं, आणि २०२२ ला सांगितलं की दोन वर्षांत आमच्या सॉफ्टवेअरमधून व्हीएसटी २ जाणार. म्हणजे एकच रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट), पण तो विंडोजवर, इंटेल मॅकवर, नवीन मॅकवर, आणि प्रत्येक ठिकाणी व्हीएसटी ३, प्रो टूल्ससाठी एएएक्स, आता क्लॅप सुद्धा, मॅकवर शिवाय ऑडिओ युनिट, असे सगळे फॉरमॅट, आणि वर प्रत्येक होस्टच्या, म्हणजे प्लगइन ज्यात चालतो त्या सॉफ्टवेअरच्या, आपापल्या सवयी. यात वर्ष जातं आणि वापरणाऱ्याला काय दिसतं? काल चालत होतं, आज पण चालतंय. यावर कुणी अपग्रेडचे पैसे देत नाही. पण केलं नाही तर दुसऱ्या दिवशी सगळे शिव्या घालतात.

दुसरी गोष्ट, ऑडिओमध्ये बग पकडणं अवघड आहे. सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० सॅम्पल) आणि बफर, म्हणजे एका वेळी मोजायचा तुकडा, १२८ सॅम्पलचा असेल तर प्रत्येक वेळी साधारण २.९ मिलिसेकंदात सगळे ट्रॅक, सगळे इफेक्ट मोजून आवाज पुढे द्यायचा असतो. ते एकदा जरी चुकलं तरी कानाला टक ऐकू येतं. आता समजा कुणी कळवलं, तासाभरात एकदा टक येतं. कुठल्या प्लगइनमुळे, कुठल्या ड्रायव्हरमुळे, वायफायमुळे, की आमच्या कोडमुळे? आमच्या मशीनवर ते येतच नाही. जो बग पुन्हा करून दाखवता येतो तो आधी सुटतो, मग भले तो कमी महत्त्वाचा असो. हा क्रम कुणी ठरवलेला नसतो, तो असा आपोआप लागतो.

तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. काही बग दुरुस्तच करता येत नाहीत, कारण लोकांची गाणी त्यावर उभी असतात. समजा जुन्या कॉम्प्रेसरचं (आवाजाचे चढउतार आटोक्यात ठेवणारा इफेक्ट) गणित किंचित चुकीचं होतं. आम्ही ते बरोबर केलं तर पाच वर्षांपूर्वीचं गाणं उघडल्यावर वेगळं वाजणार, आणि ते गाणं तर बाजारात आहे. म्हणून लाइव्हमध्ये जुन्या सेटमधला जुना इफेक्ट जुन्याच पद्धतीने वाजतो आणि वर एक अपग्रेडचं बटण दिसतं, तुम्ही दाबलंत तरच नवा. म्हणजे आता दोन कॉम्प्रेसर सांभाळायचे. अशी पंधरा वीस वर्षांची ओझी प्रत्येक जुन्या सॉफ्टवेअरच्या पोटात आहेत.

निषाद, तुझा पैशाचा मुद्दा बरोबर आहे पण अर्धाच. मीटिंगमध्ये नवीन फीचर कसं जिंकतं ते मी बघितलंय. नवीन सिंथचं म्हणणं असतं, तीन महिने द्या, या तारखेला तयार. लेटन्सीच्या दुरुस्तीचं म्हणणं असतं, दोन महिने लागतील किंवा आठ, आणि काहीतरी दुसरं मोडू शकतं. ज्याला तारीख सांगता येते ते काम यादीत वर जातं. पैसा नंतर येतो, तारीख आधी.

निषाद_नाशिक

डेव्ह, हे सोनं आहे. तारखेचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण एक विचारतो, जे आधी पाया नीट घालतात त्यांना हे सोपं जात नाही का? बिटविग २०१४ ला आलं तेव्हाच त्यांनी प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची सोय केली होती. प्लगइन मेला तर तो एकटा मरतो, गाणं चालू राहतं. माझ्याकडे एक फुकटचा तानपुरा प्लगइन आहे, तो पडला की अख्खं प्रोजेक्ट घेऊन पडतो.

पुणेकर_डेव्ह

जातं ना, म्हणून तर ते उदाहरण चांगलं आहे. बिटविगवाले आधी एबलटनमध्ये काम केलेले लोक, काय दुखतं ते त्यांना माहीत होतं आणि पाटी कोरी होती. तेच काम वीस वर्षं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचं तर फार जास्त मेहनत. रीपरमध्ये पण प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये टाकता येतो, प्लगइनवर राइट क्लिक करून बघ.

रानडे_रीपर

कुणीतरी रीपरचं नाव घेतलंच, तर मला लिहायलाच हवं.

ज्याला वाटतं की अपडेट म्हणजे व्हिडिओ आणि गाजावाजा, त्याने एकदा रीपरची बदलांची यादी वाचावी. दर काही आठवड्यांनी येते, बहुतेक ओळी अशा असतात की अमुक परिस्थितीत तमुक चुकत होतं ते नीट केलं. वापरणाऱ्याने चर्चेत बग सांगितला आणि पुढच्याच बिल्डमध्ये दुरुस्ती आली असं तिथे नेहमी होतं. कारण काय? जस्टिन फ्रँकेल, ज्यांनी विनॲम्प हा गाणी वाजवायचा प्लेअर बनवला आणि १९९९ ला कंपनी एओएलला विकली, त्यांचं हे काम आहे. टीम अगदी छोटी, बाहेरचा गुंतवणूकदार नाही, तिमाहीचे आकडे कुणाला दाखवायचे नाहीत. किंमत ६० डॉलर, वर्षाची कमाई वीस हजार डॉलरच्या वर असेल तर २२५. आणि एकदा घेतलं की दोन मोठी व्हर्जन चालतं. सहा घेतलं असेल तर सात संपेपर्यंत एक पैसा नाही. सहा आलं २०१९ ला, सात २०२३ ला, म्हणजे हिशोब करा.

निषाददादा, तुमचा सिद्धांत इथे शंभर टक्के लागू पडतो फक्त उलट दिशेने. पैशाची घाई नाही म्हणून मूळ गोष्टींना वेळ मिळतो.

गौरी_डोंबिवली

रानडे, रीपर मी पण वापरून बघितलं, ताकद आहे यात वादच नाही. पण माझ्यासारखीला, जिला फक्त क्लाससाठी रेकॉर्डिंग करायचंय, तिला त्याचा मेनू उघडल्यावर पोटात गोळा येतो. सोपं असणं हे पण मूळ फीचरच आहे, आणि नेमकं ते काम बदलांच्या यादीत एका ओळीत मावत नाही.

आणि निषाददादा, एआयच्या गोष्टींना तुम्ही सरसकट शोभेच्या यादीत टाकताय ते मला पटलं नाही. मी गाणं शिकवते. लॉजिक प्रो ११ आलं २०२४ च्या मे मध्ये, त्यात स्टेम स्प्लिटर आहे, गाण्यातून गळा, ड्रम, बेस आणि बाकीचं असं वेगळं होतं. माझ्या विद्यार्थिनी अमेरिकेत आहेत, पुण्यात आहेत, त्यांना भावगीताच्या जुन्या रेकॉर्डिंगमधला नुसता गळा ऐकवला की कळतं कुठे मुरकी घेतलीय, कुठे श्वास घेतलाय. आधी वाद्यांच्या गर्दीत ते ऐकूच यायचं नाही. मी ते आठवड्यातून अनेकदा वापरते. माझ्यासाठी तेच मूळ फीचर आहे.

निषाद_नाशिक

गौरीताई, हे मान्य. शिकवण्यासाठी असं मी बघितलंच नव्हतं. पण यातही पैशाचा धागा सापडतो बघा. लॉजिक २०१३ पासून जे मोठे अपडेट देतंय ते आधीच्या ग्राहकाला फुकट, ११ सुद्धा फुकट. ॲपलला सॉफ्टवेअरवर कमवायचंच नाही, मॅक विकायचाय. म्हणून स्टेम स्प्लिटर चालायला ॲपलची स्वतःची चिप लागते, आणि लॉजिक ११ आलं तेव्हा ते टाकायलाच किमान मॅकओएस व्हेंचुरा १३.५ लागायचं. अपडेट फुकट, पण एक दिवस मशीन बदलावं लागतं.

गौरी_डोंबिवली

ते खरंय. पण मी मशीन सात आठ वर्षं वापरते, त्यात सगळी अपडेट मिळाली, माझा हिशोब जमतो.

तानपुरा_ठाणे

फुकट अपडेटचा विषय निघालाय तर केकवॉक सोनारची गोष्ट इथे नोंदवून ठेवायला पाहिजे, कारण नवीन मुलांना ती माहीत नसते.

सोनार विंडोजवरचं जुनं आणि चांगलं सॉफ्टवेअर. २०१३ ला गिब्सन, ती गिटारवाली, तिने सोनार बनवणारी केकवॉक कंपनी घेतली. २०१५ ला त्यांनी मोठ्या व्हर्जनची पद्धत बंद करून दर महिन्याला अपडेट द्यायला सुरुवात केली, आणि खरं सांगायचं तर काम छान चाललं होतं, दर महिन्याच्या अपडेटमध्ये थोडं नवीन आणि बऱ्याच दुरुस्त्या. मग २०१६ ला योजना आली की एकदा पैसे भरा, आयुष्यभर अपडेट. लोकांनी भरले. २०१७ च्या नोव्हेंबरात गिब्सनने जाहीर केलं की केकवॉकचं काम बंद. आयुष्यभर म्हणजे सव्वा वर्ष झालं.

पुढे नशीब बरं म्हणून सिंगापूरच्या बँडलॅबने २०१८ च्या फेब्रुवारीत ते विकत घेतलं आणि चक्क फुकट वाटलं. त्या काळात त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं होतं, नवीन दिखाऊ गोष्टी जवळजवळ नाहीत, स्थिरपणा, वेग आणि जुन्या बगांची साफसफाई. विकायचं काहीच नव्हतं, म्हणून बहुतेक ते जमलं. २०२३ ला मग सांगितलं की आता सोनार नावाने पुन्हा विकत देणार.

माझं म्हणणं एवढंच की आयुष्यभर हा शब्द ऐकला की कुणाचं आयुष्य ते विचारा. कंपनीचा मालक बदलला की प्राधान्याची यादी पहिल्या ओळीपासून बदलते.

मडगावकर

तानपुरा, बरोबर बोललात, आणि मालक न बदलताही हे होतं. फिनाले हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर बघा. गोव्यात आमच्याकडे चर्चच्या क्वायरचं संगीत स्टाफ नोटेशनमध्ये लिहायची जुनी पद्धत आहे, मांडोची चार आवाजांची मांडणी वगैरे, त्यामुळे या सॉफ्टवेअरशी आमचा रोजचा संबंध. फिनाले १९८८ पासूनचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते बनवणाऱ्या मेकम्युझिकने सांगितलं की आता थांबतो. कारण दिलं ते पुणेकर डेव्ह वर म्हणाले तेच, कोडच्या लाखो ओळी साचल्यात, ऑपरेटिंग सिस्टिम बदलत राहते, त्यात नवीन काही घालणं फार अवघड होत चाललंय. आधी म्हणाले वर्षभरानंतर नवीन मशीनवर चालू करता येणार नाही. लोक एवढे खवळले की तो निर्णय लगेच मागे घेतला.

आणि दुसरं टोक पण याच क्षेत्रात आहे. २०१२ ला ॲव्हिडने आपल्या सिबेलियस या नोटेशन सॉफ्टवेअरचं लंडनचं ऑफिस बंद केलं, तिथली मंडळी स्टाइनबर्गने घेतली आणि त्यांना कोऱ्या पाटीवर नवीन नोटेशन सॉफ्टवेअर लिहू दिलं. डोरिको बाहेर आलं २०१६ च्या ऑक्टोबरात. पहिल्या व्हर्जनमध्ये कॉर्ड सिम्बॉल नव्हते! लोकांनी खूप ऐकवलं. पण आत ताल आणि सुरांची रचना त्यांनी अशी बसवली होती की मधेच मात्रा वाढवली तर पुढचं सगळं नीट सरकतं. दिसणारं फीचर मागे, पाया आधी, असं धाडस मी फार कमी बघितलंय. मागे मोठी कंपनी होती म्हणून परवडलं, हेही खरं.

ज्यांच्याकडे अजून फिनालेच्या फाइल आहेत त्यांनी म्युझिक एक्सएमएल (इतर सॉफ्टवेअरलाही वाचता येणारा फॉरमॅट) काढून ठेवा. सूर, शब्द येतात, पानाची मांडणी मात्र परत करावी लागते.

संबळ

सगळे बोलताय ते छान, पण आपल्या संगीताचं काय? आपण कुणाच्याच यादीत नाही. आमच्या गोंधळाच्या रेकॉर्डिंगला क्लिक, म्हणजे कानातली मेट्रोनोमची टिकटिक, चालत नाही. संबळवाला मिनिटाला ९२ मात्रांनी सुरू करतो, शेवटी १२० च्या वर गेलेला असतो, आणि तो जातो म्हणूनच अंगावर काटा येतो. त्याला क्लिकवर बांधलं तर वाजवणं मरतं. मग नंतर कीबोर्ड बसवायचा तर मात्रांची ग्रिड कुठे? लॉजिकने २०१८ ला स्मार्ट टेम्पो दिलं, ते वाजवलेलं ऐकून टेम्पो काढतं, पण ते सगळं ड्रमकिटच्या हिशोबाने. संबळीचा घुमारा त्याला कळत नाही, मग एकेक सम मी हाताने ओढून बसवतो.

जुना_रेकॉर्डिस्ट

संबळ, हाताने सम बसवणं हेच अजून सगळ्यात बरं. दर मात्रेला नको, फक्त समेवर आणि जिथे लय उडी मारते तिथे खूण करा, मधलं सॉफ्टवेअर वाटून घेतं.

आणि अगदीच यादीत नाही असं नाही. लाइव्ह १२ मध्ये, २०२४ ला, ट्यूनिंग सिस्टिम आल्या, पाश्चात्त्य बारा सुरांच्या पलीकडचे सूर अख्ख्या सेटला लावता येतात. आपला गंधार हवा तिथे बसवता येतो. त्याआधी लाइव्ह ११ मध्ये एमपीई आलं, त्यात खालचा षड्ज स्थिर ठेवून वरच्या एकाच सुराला मींड देता येते, आधी पिच बेंड ओढलं की षड्ज पण घसरायचा. आपल्यासाठी म्हणून केलं नसेल, अरबी, तुर्की, इंडोनेशियन, प्रयोग करणारे, सगळ्यांनी मिळून मागितलं. असे छोटे छोटे गट एकत्र आले तर यादीत जागा मिळते.

अनिकेत_सातारा

आणि आरडाओरडा केला तर पण मिळते. २०२३ च्या मार्चमध्ये प्लगइन बनवणाऱ्या वेव्हजने जाहीर केलं की आता प्लगइन कायमचे विकत मिळणार नाहीत, फक्त वर्गणी. जगभर एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच माफी मागून कायमचं लायसन्स परत आणलं.

पुणेकर_डेव्ह

अनिकेत, ते किमतीचं होतं, तिथे आरडाओरडा चालतो कारण निर्णय एका दिवसात फिरवता येतो. लेटन्सीचं तसं नाही, तिथे ओरडून कोड लिहून होत नाही. तिथे नीट लिहिलेला रिपोर्ट लागतो. निषाद, तू तुझ्या त्या लिमिटरच्या त्रासाबद्दल कंपनीला काय लिहिलं होतंस?

निषाद_नाशिक

लिहिलं होतं की मिक्स चालू असताना रेकॉर्डिंगला लेटन्सी खूप येते, कृपया सुधारा. उत्तर आलं, बफर कमी करा. बफर आधीच कमी होता. डायरेक्ट मॉनिटरिंग (आवाज सॉफ्टवेअरमधून न नेता थेट हेडफोनला देणं) वापरा असंही म्हणाले, पण मग गायिकेला रिव्हर्ब मिळत नाही आणि कोरड्या आवाजावर आमच्याकडे कुणी गात नाही.

पुणेकर_डेव्ह

सपोर्टवाल्याने ते वाचून बफरच्या डब्यात टाकलं, पुढे डेव्हलपरपर्यंत गेलंच नाही. असं लिही: मास्टरवर कुठला प्लगइन आहे, तो किती सॅम्पल उशीर सांगतो, प्रोजेक्टचा सॅम्पल रेट किती, बफर किती, आणि प्लगइन बंद केल्यावर फरक किती. एक रिकामं प्रोजेक्ट जोड, त्यात एक ट्रॅक आणि मास्टरवर तो एकच प्लगइन, बाकी काही नको. आणि मागणी एका वाक्यात, रेकॉर्डसाठी तयार असलेल्या ट्रॅकच्या वाटेतले ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उशीर करणारे प्लगइन एका बटणाने तात्पुरते बाजूला करा. ज्या कामाची व्याप्ती स्पष्ट असते त्याला तारीख सांगता येते. तारीख सांगता आली की मीटिंगमध्ये ते उभं राहतं. आणि इथे तेच सॉफ्टवेअर वापरणारे अजून असतील तर प्रत्येकाने आपापल्या मशीनचे आकडे घालून वेगळा रिपोर्ट पाठवा, एकाच्या खाली +१ करू नका. +१ कुणी मोजत नाही, वेगळी तिकिटं मोजतात.

निषाद_नाशिक

आत्ता मोजून आलो. ४८ किलोहर्ट्झ, बफर १२८. लिमिटर थोडाच उशीर करतो, खरा दोषी निघाला मास्टरवरचा लिनिअर फेज ईक्यू (आवाजातला जाड-बारीकपणा कमीजास्त करणारा प्लगइन), तो ४०९६ सॅम्पल सांगतोय, म्हणजे ८५ मिलिसेकंद. एवढ्यात गाणाऱ्याची ओळ पुढे निघून जाते. रिकामं प्रोजेक्ट बनवलंय, रिपोर्ट आज रात्री पाठवतो. देवनागरी चौकोनांचा वेगळा पाठवतो, स्क्रीनशॉटसकट. ज्यांना मजकूर हवाय त्यांनी सांगा, इथेच टाकतो.

तानपुरा_ठाणे

टाका. तुम्ही कुठलं वापरता ते सांगितलं नाहीत, पण चौकोन माझ्याकडेही दिसतात, आणि माझ्या मास्टरवर पण असाच ईक्यू आहे. मी ४४.१ वर मोजून माझा रिपोर्ट पाठवतो.